आपोआप फिरणारी अंडी

रायपूर
२० जानेवारी २०२५

बाई,
जयभीम.

फोनवर तुला अर्ध्याहून जास्त ऐकू येत नाही, हे आता मला पक्कं कळलं. परवा मी ओरडून ओरडून बातमी सांगितली आणि तू म्हणालीस, "हव, धान इकडेबी चांगलंच झालं." म्हणून हे पत्र. आपल्या गावची क्षमा इथे दवाखान्यात नर्स आहे. तिची बुधवारी सुट्टी असते, मंगळवारी संध्याकाळच्या गाडीने ती आमगावला उतरते. आजपासून तीच आपलं पोस्ट ऑफिस.

तर बातमी अशी, की तुझ्या भावाने अंडी उबवायची पेटी बनवली. रेल्वेच्या वॅगन कारखान्यात छत्तीस वर्षं वायरिंग केलं, आता रिटायर झाल्यावर हात स्वस्थ बसत नाहीत. मासळीवाल्याकडून थर्मोकोलचा खोका आणला. त्याचा वास जायला आठ दिवस लागले. गोल बाजारातून होल्डर, दोन बल्ब, थर्मोस्टॅट आणि पाण्यासाठी वाटी, आणि कबाड्याकडून जुन्या कंप्युटरचा पंखा घेतला. आत साडेसदतीस अंश झाले की बल्ब विझतो, कमी झाले की पेटतो. झाकणात बघायला काच हवी होती, ती आमच्या लग्नाच्या फोटोची काढली. वनमाला चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, ते इथे लिहीत नाही.

मग शेजारच्या साहूंकडून देशी कोंबडीची दहा अंडी आणून आत ठेवली. बाई, अठराव्या दिवशी दहापैकी नऊ पिल्लं बाहेर! इथे मोहल्ल्याला पारा म्हणतात, तो सगळा पारा बघायला आला होता. पिल्लं मी पाऱ्यातच वाटून टाकली. आता सांग, तुझ्या कोंबडीला जमतं का असं?

तुझा
तुळशीराम

---

पिंपळटोला, ता. आमगाव
२२ जानेवारी

तुळशा,

पत्र पोचलं. क्षमाने चष्मा पुसून दिला आणि मी दोनदा वाचलं. अठराव्या दिवशी नऊ! बल्बची पिल्लं फारच घाईत असतात वाटतं.

माझ्या कोंबडीचं विचारतोस? माझ्या बारा शेंडीवाल्या आहेत, एकीलाही बटण लागत नाही. त्या बसल्या की बसल्या, दाणा दाखवला तरी उठत नाहीत. गावात आता सगळ्यांकडे संकरित कोंबड्या. त्या अंडं घालतात आणि विसरून जातात. शेंडीवाल्या एवढ्या माझ्याच दारात उरल्या आहेत. माझ्या लग्नात आईने टोपलीत घालून यांची पहिली जोडी दिली होती, तू तेव्हा शाळेत होतास, टोपली डोक्यावर घेऊन तूच वरातीच्या मागे आलास. आपल्याकडे कोंबड्या लेकीसोबत जातात, मुलाला मिळत नाहीत. बावन्न वर्षं झाली त्याला. आईचे दागिने नव्हते, फोटो नाही. सकाळी खुराडं उघडलं की आईच पायात घोटाळते असं मला वाटतं.

वनमालाला काच परत आणून दे. माणसाने इतकंही शहाणं होऊ नये.

तुझी बाई,
कलावती

---

पिंपळटोला
५ फेब्रुवारी

तुळशा,

हे पत्र आणि डबा क्षमा एकदमच देईल. आधी डबा दोन्ही हातांनी घे, मग पत्र वाच.

शनिवारी सकाळी खुराडं उघडलं तर आत फक्त पिसं होती. रानमांजर मागच्या बाजूने माती उकरून शिरलं. बारांतली एक नाही उरली. कोंबडा आंब्यावर झोपतो म्हणून तेवढा वाचला. त्यानंतर तो आरवलाच नाही, असं शेजारीण सांगते. मी रडले. सत्तर वर्षांची बाई कोंबड्यांसाठी रडते म्हणून लोक हसले तर हसू देत.

कोंड्याच्या मडक्यात पंधरा अंडी ठेवलेली होती. सगळ्यात जुनं आठ दिवसांचं आहे. दुसऱ्यांच्या कोंबड्या बसत नाहीत. चार दिवसांच्या आत उबेला लागली नाहीत तर या अंड्यांची भाजीच करावी लागेल, आणि मग शेंडीवाल्या संपल्या. तू दहातून नऊ काढलीस ना? आता माझ्या पंधरातून काय निघेल ते काढ.

रात्रभर अंडी शांत ठेव, प्रवासात हलली असतील. सकाळी पेटीत आडवी घाल. प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला मी कोळशाची खूण केली आहे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी अंडं उलटं करायचं. एकदा खूण वर, एकदा खाली. एकाच अंगावर राहिलं तर पिल्लू टरफलाला चिकटतं आणि आतच मरतं.

मला फोन करू नकोस. नीट कळत नाही आणि मग मी मनाने काहीबाही धरून बसते. जे होईल ते लिहून पाठव.

बाई

---

रायपूर
१० फेब्रुवारी

बाई,

पत्र वाचलं. ती टोपली डोक्यावर असताना आतली कोंबडी माझ्या केसांत चोच मारत होती, ते आठवलं.

क्षमाने डबा पूर्ण प्रवासात मांडीवर धरला होता. म्हणते, "काका, डोंगरगडपासून एक दीदी विचारून राहिली होती, खाने का है क्या? मी म्हटलं, नहीं, ये सब सो रहे हैं." एकही अंडं तडकलं नाही. गुरुवारी सकाळी सात वाजता पंधराही आत ठेवली. तेव्हापासून मी पेटीसमोरून हललो नाही, फक्त सकाळचा फेरफटका आणि दुपारची झोप एवढंच.

आता एक गोष्ट लिहितो, हसू नकोस. अंडी आपोआप फिरतात. शपथेवर सांगतो. सकाळी मी पंधराही उलटी करतो, सगळ्या खुणा खाली. झाकण लावतो, फिरून येतो. दुपारी उघडतो तर सगळ्या खुणा वर! मी पुन्हा खाली करतो. संध्याकाळी पुन्हा वर! चार दिवस हेच चाललं आहे, वहीत वेळ लिहून ठेवली आहे. आधी वाटलं पंख्याच्या थरथरीने होत असेल. पंखा बंद करून पाहिला, तरी तेच. माझं असं मत झालं आहे की आतला जीव उबेकडे तोंड करतो. सूर्यफूल करतं तसं. इथल्या पेपरात एक ओळखीचा आहे, त्याला सांगावं म्हणतो, पण आधी तुला विचारतो. इतकी वर्षं कोंबड्या पाळल्यास, तुझ्या पाहण्यात असं कधी आलं आहे का?

वनमाला पेटीचं नाव काढत नाही. "तुमचं तुमी पाहा," एवढंच म्हणते.

तुळशीराम

---

पिंपळटोला
१२ फेब्रुवारी

अरे येड्या,

पेपरवाल्याकडे जाऊ नकोस. आधी स्वयंपाकघरात जा.

अंडी आपोआप फिरत नसतात. कोंबडीखालचीसुद्धा कोंबडी फिरवते तेव्हाच फिरतात, तर मासळीच्या खोक्यातली काय फिरतील? तुझ्या घरात दुसरा हात आहे. तू फेरफटक्याला जातोस आणि दुपारी झोपतोस, तेव्हा घरात कोण असतं? तिला विचार. ओरडून नको, नीट विचार.

आणि हेही समजून घे. तू एकदा उलटवतोस, तुझ्यामागून कोणीतरी एकदा उलटवतं, म्हणजे अंडं होतं तिथेच. भाकर दोनदा उलटली की पहिलीच बाजू पुन्हा तव्यावर येते. सहा दिवस माझी अंडी एकाच अंगावर भाजून राहिली आहेत. आजपासून असं करा: सकाळी तू, दुपारी वनमाला, संध्याकाळी दोघं मिळून, पण एकदाच. भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे टॉर्च धर. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. नुसता उजेड दिसला तर ते अंडं काढून टाक.

बाई

---

रायपूर
१७ फेब्रुवारी

बाई,

तुझं पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. वनमाला भाकर थापत होती.

"वनमाला, तू अंड्याले हात लावते काय?"

"लावते."

"काहून?"

"तुमी एकडाव फिरवता अन् निघून जाता. कोंबडी दिवसभर फिरवत राहते. म्हणून तुमच्यामागून मी बी एकडाव फिरवून देते. तेवढंच जास्त होते ना."

"अन् पहिल्या खेपेले?"

"तवाबी. रोज."

मी तिथेच पाटावर बसलो. ती म्हणाली, "काय झालं? काहून असे पाहून राहिले?" मी तव्यावरची भाकर दोनदा उलटून दाखवली. तिच्या लक्षात आलं तशी तिने तोंडावर पदर धरला. मग आम्ही दोघंही हसत सुटलो. इतकं, की भाकर जळली. काय झालं म्हणून साहूंची बायको भिंतीवरून विचारत होती, "का होगे दीदी?" पण हसता हसता पहिली खेप आठवली, तिचं खरं मी तुला सांगितलेलंच नव्हतं.

आता तुला सांगतो. बाई, पहिल्या खेपेला एकही पिल्लू निघालं नाही. नऊ नाही, एक नाही. पंचवीस दिवस वाट पाहिली, मग वास सुटला आणि दहाही अंडी मागे पुरली. पिल्लं निघणारच, असं मी पाऱ्यात सगळ्यांना आधीच बोलून बसलो होतो. तुला लिहायला बसलो आणि हातातून नऊ निघून गेले. कुठल्याशा व्हिडिओत अठराव्या दिवसाचं काहीतरी होतं, तेवढं डोक्यात होतं, ते लिहून टाकलं. तू डबा पाठवलास तेव्हाच सांगायला हवं होतं. पण डबा घेऊन क्षमा दारात उभी होती, आणि दुसरीकडे अंडी न्यायला जागा नव्हती. तुझं सगळं माझ्या थापेवर ठेवून तू निवांत झालीस, आणि मला अकरा दिवस नीट जेवण गेलेलं नाही. शिव्या दे, पण पत्रातून दे.

टॉर्च लावून पाहिली. चार नुसती उजेडाची, ती काढली. अकरांत शिरा आहेत. एकात काळा ठिपका उड्या मारतो. मी वनमालाला हाक मारली, तिने पाहिलं आणि माझा दंड एवढा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी निळा झाला.

वनमालाही चार ओळी लिहिते म्हणते.

तुळशीराम

बाई, जयभीम.
माझ्या हातून चूक झाली, मला क्षमा करा. यांच्यासमोर मी पेटीला नावं ठेवते, पण यांची पाठ वळली की मीच झाकण उघडून बसते. सासूबाई माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधीच गेल्या. मी त्यांचा हात पाहिला नाही, आवाज ऐकला नाही. तुमचं पत्र यांनी मोठ्याने वाचलं, त्यात त्यांच्या कोंबड्यांचं होतं. तेव्हा वाटलं, सासूबाईंचं काहीतरी पहिल्यांदाच माझ्या घरी आलं. म्हणून हात आवरला नाही.
काचेचा राग आता गेला आहे, पण यांना सांगू नका.
वनमाला

---

पिंपळटोला
१९ फेब्रुवारी

तुळशा,

अंडं एकवीस दिवसांनी फुटतं. हे मला सातव्या वर्षापासून माहीत आहे. तू अठरा लिहिलंस तेव्हाच मला समजलं की तुझ्या घरात एकही पिल्लू नाही. मी मुद्दाम काही बोलले नाही. म्हटलं, म्हातारपणी भाऊ खूश आहे तर राहू दे.

मग तुझ्याकडे अंडी का पाठवली, असं तू विचारशील. सातवीत तू मास्तरांना सांगितलंस, "मी रेडिओ बनवला." बनवला नव्हतास. मास्तर म्हणाले, उद्या आण. तू तापाचं सोंग घेऊन पंधरा दिवस घरी राहिलास आणि रोज चोरून आमगावच्या रेडिओवाल्याकडे जाऊन बसलास. सोळाव्या दिवशी शाळेत रेडिओ वाजला. तू आधी थाप मारतोस, आणि मग ती खरी करायला जीव तोडून धावतोस. गावात दुसरं कोणी माझ्या अंड्यांसाठी इतकं धावलं नसतं. म्हणून पाठवली. जेव नीट.

वनमाला, तुझ्या हातून काही चूक झाली नाही. माया जास्त झाली, एवढंच.

आता शेवटचं सांगते. अठराव्या दिवसापासून अंडी फिरवायची नाहीत, दोघांनीही नाही. पाण्याची वाटी मोठी ठेवा, आत ओल हवी. टरफल टोचलं गेलं की पिल्लाला वेळ लागतो, कधी पूर्ण दिवस लागतो. सोलून मदत करू नका, रक्त जातं.

आणि एक काम माझ्यासाठी कर. फुटायच्या आदल्या दिवशी अंडं कानाला लावलं की आतून पिल्लू बोलतं. लहानपणी आई मला कानाला लावून ऐकवायची. गेली पाच वर्षं मी लावते, मला काही ऐकू येत नाही. तू ऐक आणि कसं आहे ते नीट लिहून पाठव.

बाई

---

रायपूर
२६ फेब्रुवारी, दुपार

बाई,

क्षमाच्या हाती हे पुढच्या मंगळवारी जाईल, पण मी आत्ताच लिहायला बसलो. आज विसावा दिवस. पेटीचं झाकण उघडलं, एक अंडं उचललं, कानाला लावलं.

ऐकू आलं. आधी टकटक, घड्याळाच्या काट्याहून बारीक, आणि तीही सारखी नाही, दोनदा होते, थांबते, एकदा होते. मग आवाज. कोणी भिंतीपलीकडून मुलाला झोपवताना तोंडाने "चु चु" करतं तसा, पण ओला. मी इकडून "चु" केलं. थोडा वेळ काहीच नाही. मग आतून उत्तर आलं! मी पासष्ट वर्षांचा माणूस अंड्याशी बोलत होतो आणि मला अजिबात लाज वाटली नाही. वनमालाने अंडं माझ्या हातातून ओढून घेतलं. तिने कानाला लावलं आणि डोळे मिटले. काय म्हणते विचारलं तर बोलली, "तुमाले काहून सांगू? आमचं बोलणं चालू हाय."

बाई, आवाज असा आहे. याहून नीट मला लिहिता येत नाही.

२७ फेब्रुवारी, सकाळ

तीन अंड्यांना भोकं पडली आहेत. एकातून चोच दिसते, चोचीच्या टोकाला पांढरा दाणा आहे. मी जरा नखाने टरफल काढायला गेलो तर वनमालाने हातावर चापट मारली, "बाईनं काय लिहिलं हाय?" आता ती पेटीसमोर स्टूल टाकून राखण करते आहे. स्वयंपाक मी केला. वरण करपलं.

२७ फेब्रुवारी, दुपारी तीन

पहिलं आलं! टरफलाची टोपी उडाली आणि ओलं, चिपाडासारखं, उघड्या गळ्याचं काहीतरी बाहेर पडून पसरलं. मला वाटलं मेलं. मग त्याने मान उचलली आणि सरळ काचेकडे पाहिलं. बाई, मी इतक्या जोरात ओरडलो की साहू, साहूंची बायको आणि समोरचा चक्कीवाला, सगळे चपला न घालता आले. या वेळी सगळा पारा खरंच बघायला आला.

२८ फेब्रुवारी, दुपार

सात. अकरांतून सात. चार आतच राहिली, त्या सहा दिवसांनी घेतली असतील. त्यांच्यासाठी वनमाला थोडी रडली, मीही. पण सात आहेत, वाळून कापसाच्या गोळ्यांसारखी झाली आहेत, आणि अख्खं घर चिवचिवाटाने भरून गेलं आहे. आणि बाई, तुला पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं ते आता लिहितो: सातांपैकी पाचांच्या डोक्यावर पुंजका आहे. हात लावून पाहिला. शेंडीवाल्याच आहेत. आईच्याच आहेत.

या वेळचा आकडा मी वनमालाकडून तीनदा मोजून घेतला आहे. तिची सही खाली आहे.

तुळशीराम
वनमाला (सात बरोबर)

---

पिंपळटोला
५ मार्च

तुळशा, वनमाला,

पत्र क्षमाने दिलं आणि मी ते आंब्याखाली उभी राहून मोठ्याने वाचलं, कोंबड्यालाही ऐकू जावं म्हणून. तो आवाज तू लिहिलास, तिथे मी थांबले. "ओला" हा शब्द बरोबर लिहिलास. आईही असंच म्हणायची. पाच वर्षांनी मला तो आवाज आला, तुझ्या अक्षरातून आला. मी पत्र कानाला लावलं नाही एवढंच, नाहीतर क्षमा मला दवाखान्यातच घेऊन गेली असती.

पिल्लं महिन्याची होईपर्यंत तिथेच उबेत ठेवा. मग मी स्वतः न्यायला येते. क्षमासोबत गाडीत बसेन, तिकीट ती काढणार आहे. तुझ्या घरी येऊन मला अकरा वर्षं झाली. खुराडं मी खालून दगडाने बांधून घेतलं आहे, आता रानमांजर काय, उंदीरही शिरणार नाही. टोपलीही विणायला दिली आहे.

पण सातही नेणार नाही. पाच नेईन. शेंडीवाल्यांची एक जोडी तिथे राहील, रायपूरला, वनमालाकडे. नर कुठला, मादी कुठली, ते मी येऊन निवडून देते. वनमाला, तू सून म्हणून आलीस तेव्हा आई नव्हती, म्हणून तुला कोणी दिल्या नाहीत. तिने तुला पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी लेक म्हणून टोपली हातात दिली असती. तिच्या वतीने आता मी देते. बेचाळीस वर्षं उशीर झाला, तेवढा सांभाळून घे.

आणि तुळशा, पेटी तुझी, बल्ब तुझे, अंड्याशी बोललासही तू. पण त्या जोडीवर तुझा काही हक्क नाही. कोंबड्या लेकीच्या असतात.

तुमची
बाई